चुंबकाची वाटणी

पोपटआप्पांनी एकदा जांभळाच्या झाडाची सावली वाटून दिली होती. झाड नव्हे, सावली. झाडाचा बुंधा थोरल्या भावाच्या हद्दीत, म्हणून झाड थोरल्याला गेलं. त्यावर धाकटा म्हणाला, मग माझ्या म्हशींनी उन्हाळ्यात बसायचं कुठं? आप्पांनी त्या झाडाखाली दोन दिवस खुर्ची टाकली, सावली जिथं जिथं सरकेल तिथं तिथं दगड रोवले आणि निकाल दिला: दुपारी साडेबारापर्यंतची सावली धाकट्याची, त्यानंतरची थोरल्याची. तुम्हाला हसू येईल, पण ती माणसं आजही ही वेळ पाळतात. साडेबारा वाजले की धाकट्याची सून म्हशी सोडून नेते आणि थोरल्याच्या म्हशी येऊन त्याच ओल्या शेणावर बसतात.

आप्पा शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की आकडा उमटायच्या आत आप्पा तो तोंडानं सांगायचे, आणि दोन्हींत फरक पडलाच तर काटा दुरुस्त करायला माणूस बोलवायचे. निवृत्त झाल्यावर लोक त्यांना घराच्या, रानाच्या, विहिरींच्या वाटण्या करायला नेऊ लागले. शिरूर आणि दौंड मिळून एकशे बेचाळीस वाटण्या त्यांनी केल्या आणि त्यातली एकही कोर्टाची पायरी चढली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि न विचारता सांगत.

वाटणीच्या या खोडीला कारण होतं. आप्पा लहान असताना त्यांच्या वडलांच्या वाटणीला चोपण आलं होतं. पांढरं फट्ट पडलेलं रान, पाऊस झाला की चिखल आणि ऊन पडलं की फरशी. त्यात बाजरीसुद्धा धड उगवायची नाही. चुलत्यानं नकाशा उलटा धरून वाटणी केली, असं आप्पा म्हणायचे, आणि एकाहत्तराव्या वर्षीही हे सांगताना त्यांच्या नाकपुड्या फुलायच्या. आपण वाटू तर असं वाटू की कुणाच्या ताटात गुंजभर कमी पडणार नाही, हे त्या पोरानं तेव्हाच ठरवून टाकलं. पुढं ते इतकं अंगात मुरलं की जेवतानाही भाकरी मोडली तर दोन्ही तुकडे सारखे व्हायचे. त्यांच्या पत्नी साखरबाई म्हणायच्या, "सत्तेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मला कवा बारका तुकडा दिला न्हाई, आन् कवा मोठाबी दिला न्हाई."

त्यांचे नियम दोनच. शेवटी काही शिल्लक उरता कामा नये, हा पहिला. आणि वाटणी चालू असेपर्यंत त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा. याला ते 'वस्तू गोठली' म्हणायचे. एका गावात भावाभावांची पिठाची गिरणी अशी गोठवली तेव्हा सबंध गावानं चार दिवस खिचडी खाल्ली होती. पण निकाल असा लागला की खिचडी खाणाऱ्यांनीच आप्पांना फेटा बांधला.

आता गोष्ट चुंबकाची.

भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलं की खुटबावला कोंडिबा आणि सावळाराम या दोघा भावांची एक विहीर आहे. तिची वाटणी सोळा वर्षांपूर्वी आप्पांनीच केलेली. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: विहिरीचा उत्तरेकडचा निम्मा भाग थोरल्या कोंडिबाचा, दक्षिणेकडचा धाकट्या सावळारामचा, मोटर सामाईक, पाळी चार-चार दिवसांची. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त पाणी वाईट होतं. मचूळ, जड, साबणाला फेस न धरणारं. ठिबकच्या नळ्यांची तोंडं पांढरी होऊन बुजायची आणि घरातल्या हीटरवर खपल्यांचा असा थर चढायचा की हीटर की मुळा ते कळायचं नाही.

अशात शिरूरहून ठिबकचं सामान विकणारा शंभू आला. पिशवीतून त्यानं पावाच्या लादीएवढा एक काळा ठोकळा काढला. अर्धा लाल रंगवलेला, अर्धा निळा. हा पायपावर बांधायचा, म्हणाला, पाणी याच्याजवळून गेलं की जड पाणी हलकं होतं. कोंडिबानं विचारलं, मग क्षार जातात कुठं? शंभू म्हणाला, "क्षार कुठं जात न्हाईत मामा. क्षार तेच ऱ्हात्यात, फकस्त त्यांचं वागणं बदलतं." हे कोंडिबाला एकदम पटलं. त्याच्या मेहुण्याचंही असंच झालं होतं.

दोघा भावांनी निम्मी-निम्मी वर्गणी काढून चुंबक बसवला. शंभूनं खिशातल्या क्षार मोजायच्या मीटरनं आधीचं पाणी मोजलं, नंतरचं मोजलं. आकडा तोच. "बघा," शंभू म्हणाला, "आकड्याला पत्ताबी लागला न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि गुण आला की हो! पहिल्याच आठवड्यात कोंडिबाच्या बायकोची तुरीची डाळ सहाच्या जागी तीन शिट्ट्यांत शिजली. कुकरची रिंग त्याच आठवड्यात नवी आणली होती, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. म्हैस अर्धी बादली जास्त प्याली. सावळारामच्या गुडघ्यातून कटकट आवाज यायचा तो थांबला. मग परत यायला लागला, पण निराळा. ठिबकची काही तोंडं उघडी राहिली, काही बुजली, म्हणजे पूर्वीसारखंच. फरक एवढाच की उघड्या तोंडांचं श्रेय आता चुंबकाला मिळायचं आणि बुजलेल्यांचं खापर जुन्या क्षारांवर फुटायचं. तीन महिने दोघं भाऊ इतके आनंदात होते की जाणारा-येणारा थांबवून त्याला पेलाभर पाणी पाजायचे आणि तो काय म्हणतो ते तोंडाकडं बघत उभे राहायचे.

मग शंभूनं दिलेली माहितीपुस्तिका सावळारामनं वाचली. तीत लिहिलं होतं की उत्तर ध्रुवाचं पाणी शांत, रोग दाबणारं असतं आणि दक्षिण ध्रुवाचं जोमदार, वाढ करणारं. सावळारामनं मान वर केली, तर समोर कोंडिबाचा ऊस डोक्याच्या वर गेलेला.

विहिरीची दक्षिण कुणाची? सावळारामची. मग चुंबकाची दक्षिण कुणाची? विहिरीबाबत निर्णय झालाच होता, तो चुंबकाला वेगळा कशाला लागेल? म्हणजे गेले तीन महिने कोंडिबा धाकट्या भावाच्या दक्षिणेवर आपला ऊस वाढवत होता. हे कळल्यावर कोंडिबाही उसळला. सावळारामच्या शेवंतीवर यंदा मावा पडला नव्हता, करपा आला नव्हता. मग ते रोग दाबले कुणी? कोंडिबाच्या उत्तरेनं! त्या दुपारी कोंडिबानं स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. तासाभरानं सावळारामनं शेजारी दुसरं घातलं. चुंबक काढून बाजूला ठेवावा, तर जो काढील त्याचा कब्जा झाला असता. म्हणून कुणीच काढेना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची स्कूटी भीमेच्या पुलावरून खुटबावात उतरली.

आप्पांच्या पिशवीत नेहमीचं सामान होतं: पन्नास फुटी टेप, खडू, सोनाराची तागडी आणि चतुःसीमा बघायला लागणारं होकायंत्र. दोघांचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना ते अजिबात विचित्र वाटलं नाही, हे आधी सांगून ठेवतो. ज्यानं सावली वाटली त्याला ध्रुवाचं काय?

"वस्तू गोठली," त्यांनी जाहीर केलं. "चार दिसांत उरकतो."

तेव्हा बांधावर उभी असलेली सुलक्षणा पुढं आली. ही सावळारामची बायको. बावीस वर्षांच्या संसारात रानात काय लावायचं हे यंदा पहिल्यांदा तिनं ठरवलं होतं. नवऱ्याला ऊसच हवा होता. ती हट्टानं शेवंतीवर अडून बसली होती. दसऱ्याला पिवळा ढीग निघाला तर पुढच्या साली तिचा शब्द चालणार होता. शेवंती गेली तर तिथं ऊस येणार होता आणि तिला परत कुणी विचारणार नव्हतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"आप्पा, गोठलं म्हंजी काय काय गोठलं?" तिनं विचारलं.

"चुंबक."

"आन् मोटर?"

"चुंबक पायपावर हाय, पाईप मोटरला हाय. मोटर चालली की चुंबक वापरला गेला."

"दसऱ्याला अठरा दिस ऱ्हायल्यात. माझी वीस सऱ्या शेवंती कळीवर हाय. वर आभाळात टिपूस न्हाई. भाऊजींचा ऊस पंधरा दिस ढिम्म हालायचा न्हाई, पर शेवंती सहाव्या दिशी मान टाकंल."

"पोरी, नियम दोघांना सारखा हाय. त्यांचंबी बंद, तुमचंबी बंद."

सुलक्षणा वळली आणि निघून गेली. आप्पांना वाटलं, पटलं तिला.

पहिले तीन दिवस पोत्यात गेले. आप्पांची योजना साधी होती: कोंडिबाच्या पाळीला निळी, म्हणजे दक्षिण बाजू झाकायची, सावळारामच्या पाळीला लाल, म्हणजे उत्तर. निळ्या बाजूवर पोतं गुंडाळलं आणि परीक्षा म्हणून खिळा जवळ नेला. खिळा टणकन पोत्याला चिकटला. "झिरपतीय!" सावळाराम ओरडला. "माझी दक्षिण झिरपतीय!" पोत्यावर गोधडी आली. खिळा गोधडीला चिकटला. मग कुणीतरी पत्रा सुचवला. पत्रा असा काही जाऊन बसला की तो सोडवायला तिघं जण लागले आणि त्यात कोंडिबाच्या अंगठ्याचं नख गेलं. तिसऱ्या दिवशी नऊ गोधड्या झाल्यावर खिळा एकदाचा खाली पडला. पण तोवर लाल बाजूही त्याच गाठोड्यात गुरफटली गेली होती आणि पायपावर कुणी बाळंतीण झोपवल्यासारखं दिसत होतं.

"कापावा लागंल," आप्पा म्हणाले.

आप्पांनी शंभूला फोन लावला तर तो पलीकडून "कापू नका, आप्पा, कापू नका" असं दोनदा म्हणाला आणि मग त्याची रेंज गेली. कापायचं ठरलं.

चौथ्या दिवशी आप्पांनी एक-दोन-तीन म्हणून दोघा भावांच्या हातांनी एकदमच चुंबक पायपावरून सोडवला, म्हणजे कब्जाचा प्रश्न येऊ नये. सुलक्षणा तिथं होतीच. हातात शेवंतीचं एक रोप होतं, पानं मऊ पडलेली.

"आता चुंबक पायपावर न्हाई," ती म्हणाली. "आता तरी मोटर चालू करा."

आप्पा बोलणार तोच सावळाराम म्हणाला, "आगं, पायपाला तीन महिन्यांची सवय लागलीय. शंभूनंच सांगितलंय, चुंबक काढला तरी पाईप काही दिस तसंच वागतो." कोंडिबाही म्हणाला, व्हय व्हय, पाईपबी वाटणीतच आला. एवढ्या एका मुद्द्यावर दोघं भाऊ त्या आठवड्यात पहिल्यांदा एकमतानं बोलले.

आप्पांनी रोपाकडं बघितलं. त्यांच्या मनात काही हललं नाही असं मी म्हणणार नाही. हललं. पण एकशे बेचाळीस वाटण्यांत त्यांनी गोठलेली वस्तू कधी मध्येच सोडली नव्हती, आणि एकदा सोडली की मग आप्पा आणि तो नकाशा उलटा धरणारा चुलता यांत फरक काय राहिला? "पायपाचाबी निकाल देतो," ते म्हणाले. "जरा दम काढ."

दौंडला रेल्वे लाईनीपलीकडं फरशी कापायचं दुकान आहे. चुंबक तिथं न्यायचा होता. तो एकट्याच्या हातात द्यायचा नाही, म्हणून दोघं भाऊ एका मोटारसायकलवर बसले आणि चुंबक मधोमध टाकीवर ठेवला. दुकानाशी पोचल्यावर तो टाकीवरून निघेना. अर्धा तास खटपट केल्यावर टाकीचा रंग घेऊन निघाला. दुकानातल्या बिहारी कारागिरानं चुंबक उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "चाचा, ये तो टूट जाएगा." आप्पांनी लाल आणि निळा रंग जिथं मिळतात तिथं खडूनं रेघ मारली आणि म्हणाले, "या रेघंवर. केसभर इकडं न्हाई, केसभर तिकडं न्हाई."

कारागीर हुशार होता. बरोबर रेघेवर कापला. लाल तुकडा कोंडिबानं उचलला, निळा सावळारामनं. सोळा वर्षांपूर्वीच्या कागदाबरहुकूम उत्तर थोरल्याकडं, दक्षिण धाकट्याकडं. आप्पांनी सुस्कारा सोडला. नुसती खात्री म्हणून त्यांनी होकायंत्र काढलं आणि लाल तुकड्याच्या कापलेल्या तोंडाशी धरलं.

सुई गर्रकन फिरली.

आप्पांनी होकायंत्र झटकलं, परत धरलं. लाल तुकड्याचं एक टोक उत्तर होतं आणि कापलेलं टोक दक्षिण. त्यांनी निळा तुकडा तपासला. त्याच्या कापलेल्या टोकाला उत्तर आली होती.

"ह्याच्यात माझी दक्षिण कशी काय?" सावळारामनं विचारलं.

"आन् त्याच्यात माझी उत्तर?" कोंडिबा म्हणाला.

आप्पांनी लाल तुकडा परत मधोमध कापायला लावला. आता लहान लहान चार टोकं झाली आणि दोन्ही तुकड्यांत दोन्ही ध्रुव. निळ्याचंही तेच. दोनाचे चार झाले, चाराचे आठ, आठाचे सोळा. प्रत्येक तुकड्यावर आप्पा खडूनं आकडा घालायचे, आणि आकडा घालेपर्यंत तो तुकडा उडी मारून शेजारच्याला जाऊन चिकटायचा, मग कोण कुणाचा होता याच्यावर नवीन भांडण. कारागीर बिचारा दोन दिवस कापत राहिला. प्रत्येक वेळी कटरवर वाकून तो एकच वाक्य म्हणायचा, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि आप्पा घाबरले. हे स्पष्टच सांगायला पाहिजे. रागावले नाहीत, वैतागले नाहीत, घाबरले. घर, रान, गिरणी, झाड, सावली, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं, पण वाटल्यावर जिचा प्रत्येक हिस्सा पुन्हा अख्खा होऊन बसतो अशी वस्तू त्यांना भेटलीच नव्हती. सातव्या दिवशी सकाळी घरी भाकरी मोडताना त्यांचा हात थांबला. साखरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवं, दोघांनाबी दोन्ही मिळतंय, तर भांडण कशाचं?"

"तसं न्हाई," आप्पा म्हणाले. "उत्तर थोरल्याची हाय."

"मग आता काय करणार?"

"अजून बारीक करतो."

साखरबाईंचा पाटा-वरवंटा त्या दिवशी चुंबकाच्या कामी गेला. सातवा आणि आठवा असे दोन दिवस ओसरीवर बसून आप्पा चुंबक वाटत होते; दोन्ही अर्थांनी, असं गावातली टवाळ पोरं म्हणायची. दोघं भाऊ दोन बाजूंना बसून राखण करत होते. सावळाराम आठ दिवस घरी फक्त झोपायला जात होता. त्याला बाकी काही सुचत नव्हतं. शेवटी काळी भुकटी झाली. आप्पांनी तिचे दोन ढीग केले आणि तोलायला तागडी काढली, तर तागडीचा काटाच ढिगाकडं वाकायला लागला. ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षं काट्यावर काढली, त्याच्यासमोर काटा पक्षपात करत होता. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि ढीग हातानंच सारखे केले.

या चार दिवसांत सुलक्षणा काही त्यांच्याकडं आली नव्हती. आप्पांनी त्याचा अर्थ असा लावला की ती समजूतदार आहे.

नवव्या दिवशी सकाळी खुटबावच्या विहिरीवर ही गर्दी. निकाल ऐकायला शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. भेळेची एक गाडीसुद्धा लागली होती. आप्पा कठड्याजवळ दोन कापडी पुड्या घेऊन उभे राहिले. एक कोंडिबाची, एक सावळारामची. त्यांनी होकायंत्र कोंडिबाच्या पुडीवर धरलं. सुई डगमगली, फिरली, थांबली, उलटी फिरली. दुसऱ्या पुडीवर धरलं, तेच.

"अजून मिसळलेलंच हाय," सावळाराम म्हणाला.

"चाळून बघायचं का?" कोंडिबा म्हणाला. "मैद्याच्या चाळणीनं?"

आणि एकाहत्तर वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. आप्पांच्या डोक्यातली तिडीक हातात उतरली. "घाला खड्ड्यात!" असं ओरडून त्यांनी दोन्ही पुड्या विहिरीत भिरकावल्या. डुबुक, डुबुक. पाण्यावर दोन वलयं उठली आणि एकमेकांत मिसळून गेली.

संपलं, आप्पांना वाटलं. एकशे त्रेचाळिसावी कोर्टात जाणार.

तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "आरं... विहीर तर वाटलेलीच हाय की!"

बाकीच्यांना समजायला जरा वेळ लागला. विहिरीचा उत्तरेकडचा निम्मा भाग कोंडिबाचा, दक्षिणेकडचा सावळारामचा, आप्पांच्याच हातचा कागद. मग विहिरीत जे पडलं ते आपोआप आठ आणे, आठ आणे! उत्तर उत्तरेत, दक्षिण दक्षिणेत, शिल्लक काही नाही. कोंडिबानं बोटांवर हिशेब केला आणि त्याचा चेहरा उजळला. सावळारामनं खाली वाकून विहिरीत बघितलं आणि म्हणाला, "म्हंजी आता सगळंच पाणी हलकं." दोघांनी किल्ल्या काढल्या. कोंडिबानं आप्पांच्या पायांना हात लावला.

"आरं बाबांनो, म्या रागानं फेकलं," आप्पा म्हणाले. "मला जमलं न्हाई. मी हरलो."

लोक हसले. बघा, मोठेपणा घेत नाहीत आप्पा, असं एकमेकांना म्हणाले. कुणीतरी शाल आणली, कुणीतरी नारळ. आप्पा परत म्हणाले, "खरं सांगतोय, म्या हरलो," तर टाळ्याच पडल्या. नंतर दोन्ही तालुक्यांत ही वाटणी त्यांची सगळ्यांत थोर वाटणी म्हणून सांगितली जाऊ लागली. आज भेटेल त्याला विचारा, विहिरीतला चुंबक ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. पाणी अजून मचूळच आहे.

गर्दी भेळेकडं वळली तसे आप्पा शाल काखेत मारून, पिशवी घेऊन, शेवंतीकडं चालायला लागले. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

वाटेलगतच्या दहा सऱ्या हिरव्यागार होत्या. कळ्यांच्या तोंडांशी पिवळं दिसायला लागलेलं. त्यांच्या पलीकडच्या दहा सऱ्या वाळून कोळ झाल्या होत्या, हात लावला तर चुरा होईल अशा. सुलक्षणा बांधावर रिकाम्या हंड्यावर बसली होती. तळहातांना तिनं फडक्याच्या चिंध्या बांधल्या होत्या.

आप्पांनी सवयीनं मोजलं. "निम्मी-निम्मी," ते म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"घरच्या नळाला सकाळी अर्धा तास पाणी येतं," सुलक्षणा म्हणाली. "त्ये दोन पिंपांत साठवायचं आन् दिसभर वाहायचं. चाळीस हंडे व्हायचे. चाळीस हंडे दहा सऱ्यांपुरते. वीसच्या वीस सऱ्यांना सारखं घातलं असतं, तर वीसच्या वीस गेल्या असत्या आप्पा."

तिच्या आवाजात राग असता तर आप्पांना सोपं गेलं असतं. राग नव्हता. ती दमली होती, तेवढंच.

तिकडं विहिरीवर मोटर घुरघुरली. थोड्या वेळानं नळ्या फुगल्या आणि वीसही सऱ्यांत पाणी ठिबकायला लागलं. हिरव्या दहांत आणि वाळलेल्या दहांत, अगदी सारखं.

"या दहा कशा निवडल्यास, पोरी?" आप्पांनी विचारलं.

"या वाटंला जवळ हायत," सुलक्षणा म्हणाली. "भरला हंडा जड असतो."

ती उठली आणि वाकून वाळलेल्या सऱ्यांच्या नळ्या एकेक करून दुमडायला लागली, म्हणजे तिथलं पाणी हिरव्या सऱ्यांना जाईल. अकराव्या सरीपासून तिनं सुरुवात केली. आप्पांनी शाल आणि पिशवी बांधावर ठेवली, विसाव्या सरीपाशी गेले, आणि तिथून ते दुमडत आले.